बोटाखालचा धुरा

हिंगणा तालुक्यातल्या एका गावाचा जुना पटवारी नकाशा स्कॅन करून टॅबवर घेतला होता. तो बघायचा छोटा प्रोग्रॅम मीच लिहिलेला. शेजारच्या काकाजींनी नकाशा सरकवत आपला खसरा शोधला आणि धुऱ्यावर बोट टेकवलं. लाल खूण उमटली ती नाल्यापार, दुसऱ्याच्याच वावरात. "बोट त् मी धुऱ्यावरच ठेवलं ना भाऊ," ते म्हणाले. खरंच तिथंच ठेवलं होतं.

पण बोट पडद्यावर असतं, नकाशावर नसतं. काचेच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून इतके ठिपके उजवीकडे आणि इतके खाली स्पर्श झाला, एवढंच टॅबला कळतं. त्या जागी नकाशाचा कोणता भाग आलाय, हे काच सांगत नाही. नकाशाच्या चित्राचे ठिपके वेगळे, ते त्याच्या स्वतःच्या कोपऱ्यापासून मोजलेले. एका मोजणीतून दुसरीत जायची वाट प्रोग्रॅमलाच काढावी लागते.

ही वाट सापडते ती नकाशा पडद्यावर कसा आला हे आठवलं की. आधी तो लहान केला, मग सरकवला, मग कडेच्या बटणांच्या आणि वरच्या पट्टीच्या आत बसवला. परतताना हेच सगळं उलट क्रमाने सोडवायचं. बैल जुंपताना आधी मानेवर जू, मग गळ्याखालून जुपणं. सोडताना आधी जुपणं सुटतं, तेव्हाच जू उतरतं.

आकडे घेऊन बघू. बोट ६६०, ४४० वर पडलं. डावीकडे ६० ठिपक्यांची बटणं, वर ४० ची पट्टी. ती वजा केली की ६००, ४०० उरतात. नकाशा सरकवल्यामुळे त्याचा कोपरा चौकटीच्या बाहेर, डावीकडे ४०० आणि वर १५० गेलेला. तेवढं मिळवलं की १०००, ५५०. नकाशा चतुर्थांश आकारात दिसतोय, म्हणून ०.२५ ने भागलं: ४०००, २२००. काकाजींचा धुरा चित्रात इथं आहे.

मी भागाकार आधी केला होता आणि सरकवणं नंतर मिळवलं होतं. त्याने येतं २८००, १७५०. आडवा फरक १२०० ठिपके. मध्य प्रांताच्या काळातले पटवारी नकाशे १६ इंचाला १ मैल या मापाचे, म्हणजे १ इंचात ३३० फूट. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, स्कॅन केलं की चित्रातला एक ठिपका १.१ फुटाचा. १२०० ठिपके म्हणजे १३२० फूट, बरोबर पाव मैल. जिथं हातभर धुऱ्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं, तिथं पाव मैल!

ही चूक महिनाभर दडून राहिली, कारण मी घरी नकाशा नेहमी पूर्ण आकारात तपासायचो. पूर्ण आकारात भागायचं एकाने, आणि एकाने आधी भागा की नंतर, उत्तर तेच. काकाजींनी मात्र अख्खा शिवार एकदम दिसावा म्हणून नकाशा लहान केला होता. तेव्हापासून मी प्रत्येक तपासणी लहान केलेल्या, सरकवलेल्या नकाशावरच करतो.

क्रम समजला की नकाशा मोठा करतानाचा त्रासही सुटतो. बोटाखालची जागा बोटाखालीच राहायला हवी, नाहीतर धुरा निसटून भलतीकडे जातो. चित्रातली जागा ४०००, २२०० माहीत आहे, बोट चौकटीत ६००, ४०० वर आहे. आकार चतुर्थांशावरून अर्ध्यावर न्यायचा असेल तर नवा कोपरा ६०० वजा २०००, म्हणजे उणे १४००, आणि ४०० वजा ११००, म्हणजे उणे ७००. कोपरा तिथं नेला की धुरा जागचा हलत नाही.

एक बारीक गोष्ट अजून. भागाकारात अपूर्णांक येतो आणि ठिपका पूर्ण हवा. नुसता अपूर्णांक छाटला तर नकाशाच्या डाव्या कडेबाहेर जेमतेम पडलेलं बोट, उणे ०.४, शून्य होऊन आत मोजलं जातं. म्हणून नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जायचं, उणे ०.४ चं उणे १ झालं की बोट शिवेबाहेर आहे हे कळतं.

चित्रातला ठिपका मिळाला तरी जमिनीवरची जागा अजून पुढेच. आमच्या हिंगण्याहून जवळच, नागपुरात व्हीएनआयटीच्या परिसरात महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग अ‍ॅप्लिकेशन सेंटर आहे; गावनकाशे अक्षांश-रेखांशांत बसवायचं काम तिथं झालंय. तिथंही चित्रातल्या ओळखीच्या खुणा जमिनीवरच्या खुणांशी जुळवून दोन मोजण्यांमधली वाट काढतात. पण त्या वाटेला लागायच्या आधी काचेवरून कागदावर नीट उतरावं लागतं.

दुरुस्ती करून टॅब पुन्हा काकाजींकडे नेला. त्यांनी नकाशा आधी पार बारीक केला, मग ताणून मोठा केला, आणि बोट टेकवलं. लाल खूण धुऱ्याच्या शाईवर बसली. ती शाईची रेघच तीन ठिपके जाड होती, म्हणजे तीन फुटांच्या वर. काकाजी चष्मा वर करून तिची नेमकी कुठली कड आपली, ते बघत बसले.