निरोपातला गोडवा

घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही. सासरी निघालेली लेक ‘येते’ म्हणते, परदेशी निघालेला मुलगा ‘येतो’ म्हणतो. तो केव्हा येणार, हे त्यालाही ठाऊक नसते आणि दारात उभ्या असलेल्या आईलाही नसते. तरीसुद्धा त्याला खोटारडा कोणी म्हणत नाही, कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघेही त्या शब्दाची किंमत जाणून असतात.

पण हाच निरोप चव्हाट्यावर दिला तर?

हल्ली नोकरी सोडणारा मनुष्य ती वार्ता लिंक्डइनवर जाहीर करतो. २००३ साली सुरू झालेला हा नोकरपेशा माणसांचा जागतिक चव्हाटा. तिथल्या निरोपाचा एक साचाच होऊन बसला आहे. आरंभी ‘जड अंतःकरण’, मध्ये ‘अविस्मरणीय प्रवास’, ‘कुटुंबासारखे सहकारी’ आणि शेवटी नवे क्षितिज. आमच्या शाळेतली मानपत्रे याच थाटाची असतात म्हणा. मात्र ती निदान दुसऱ्याने लिहिलेली असतात!

माझा एक जुना विद्यार्थी एका कंपनीत चार वर्षे होता. रात्री अकरापर्यंत काम, वरिष्ठांचे टाकून बोलणे, रजा मागितली की नकार. शेवटी प्रकृतीने हात टेकले आणि त्याने राजीनामा दिला. जाहीर करायचा मजकूर त्याने मला वाचून दाखवला. ‘इतके प्रेमळ वातावरण मला अन्यत्र लाभले नाही,’ असे त्यात होते.

“अरे, हे खरे का?”

“सर, असेच लिहितात. कोणी खरे मानत नाही.”

त्याच्या सहकाऱ्यांपुरते हे बरोबर होते. त्यांना त्या गोडव्याची किंमत माहीत होती. पण चव्हाट्यावर तिसराही वाचणारा असतो. आमच्याच शाळेतून पुढे गेलेली एक मुलगी त्या कंपनीत अर्ज करण्याच्या विचारात होती. तिने ते वाक्य वाचले असते, तर तिच्या लेखी ते सौजन्य नव्हे, साक्ष ठरली असती. आणि साक्ष खोटी होती.

“मग सारे लिहून टाकू?” त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. १९५१ साली डॉ. आंबेडकरांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले, तेव्हा त्यांच्या निवेदनाची प्रत आधी मागण्यात आली. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या हाती दिले. १९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले आणि त्याची कारणे लोकसभेत सांगितली. पण ती पदे लोकांची होती. कारणे जाणण्याचा हक्कही लोकांचा होता. खाजगी नोकरीतल्या माणसावर जगाचे असे देणे नसते. शिवाय घर चालवायचे असते, आणि उद्याचा मालकही तोच मजकूर वाचणार असतो. पगार बुडवला, कोणा स्त्रीचा छळ झाला, तर गोष्ट वेगळी. पण तिची जागा तक्रारअर्जात आहे. स्त्रियांच्या तक्रारींसाठी तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कचेरीत समिती नेमलीच पाहिजे.

म्हणून मी त्याला एवढेच सांगितले की, गप्प राहण्याची तुला मुभा आहे, खोटी ग्वाही देण्याची नाही. जे घडले त्यातले चांगले असेल तेवढे लिही. आणि मुख्य म्हणजे, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ही बातमी पडद्यावर वाचावी लागू नये. त्याला आधी तोंडाने सांग. (नोकरीवरून काढून टाकलेल्यांनी तर लाजून लपण्याचे काहीच कारण नाही. ‘मी काम शोधतो आहे’ असे सांगणारे हिरवे वर्तुळ २०२० पासून तिथे छायाचित्राभोवती लावता येते, आणि ते लावणारे मला धीराचे वाटतात.)

त्याने मजकूर नव्याने लिहिला. चार वर्षे होतो. अमुक काम शिकलो. उशिरापर्यंत चालणाऱ्या कामात ज्या तिघांनी साथ दिली त्यांची नावे, आणि रात्री चहा आणून देणाऱ्या पहारेकऱ्याचेही. कंपनीविषयी एक अक्षर नाही.

दोन दिवसांनी त्या मुलीचा त्याला फोन आला. “दादा, कंपनीबद्दल काहीच कसे लिहिले नाहीस?” तो मग तिच्याशी अर्धा तास बोलत होता.