नरक नावाच्या गावातले यजमान

पेरू देशाच्या आग्नेय भागात ‘माद्रे दे दिओस’ नावाचा प्रांत आहे. या नावाचा अर्थ देवमाता. त्याच प्रांतात ताम्बोपाता नदीकाठी ‘इन्फिएर्नो’ हे गाव आहे आणि त्याचा अर्थ नरक! देवमातेच्या पदराखाली नरक कसा आला, ते असो. तिथे एसे-एखा आदिवासी राहतात आणि त्यांच्यासोबत नदीकाठचे व डोंगराकडून आलेले इतरही.

१९९६ साली या गावाने एका खाजगी पर्यटन कंपनीशी २० वर्षांचा करार केला. गावाच्या जमिनीवर ‘पोसादा आमासोनास’ हे अतिथिगृह उभे राहिले आणि १९९८ साली पाहुण्यांसाठी खुले झाले. नफ्यातील ६० टक्के वाटा गावाचा, ४० टक्के कंपनीचा. निर्णयात मात्र दोघे समसमान.

माझे मन ६० या आकड्यावर थबकत नाही, ते ‘समसमान’ या शब्दापाशी अडखळते. एकाला परदेशी प्रवाशाची भाषा, त्याची आवडनिवड आणि हिशेबाची वही वाचता येते. दुसऱ्याला हार्पी गरुडाचे घरटे कोणत्या झाडावर आहे, हे ठाऊक असते. दोघे एका मेजाशी बसले की पहिल्याच्या ज्ञानाला व्यवस्थापन म्हणतात आणि दुसऱ्याच्या ज्ञानाला वाट दाखवणे! मते सारखी असूनही शब्द कोणाचा चालणार? म्हणूनच गावकऱ्यांना नुसती चाकरी न देता कारभार शिकवायचा आणि पुढे तो त्यांच्या हाती सोपवायचा, हा या करारामागील हेतू मला नफ्याच्या वाट्याहून मोलाचा वाटतो. असा भागीदार स्वतःचीच गरज दिवसेंदिवस कमी करीत असतो. व्यापारात हे विरळा.

दिवंगत पोप फ्रान्सिस १९ जानेवारी २०१८ रोजी याच प्रांताच्या राजधानीत, पुएर्तो माल्दोनादो येथे, अमेझॉनच्या आदिवासींना भेटले होते. तेल, लाकूड, सोने यांच्या हव्यासाविषयी ते बोललेच. परंतु माणसाला वगळून निसर्ग राखू पाहणाऱ्या धोरणांनाही त्यांनी दोष दिला. हे दुसरे ऐकणे आपल्याला जड जाते. सुट्टीत जंगलात गेल्यावर आपणही झाडीत वाघच शोधतो. झाडीतल्या घराकडे दृष्टी जात नाही.

घरच्या यजमानाला एक हक्क असतो, ‘आज जमणार नाही’ असे म्हणण्याचा. खोल्यांची नोंदणी झालेली आहे, शेतात पीक उभे आहे, शेजाऱ्याने मदतीला हाक दिली आहे. अशा दिवशी इन्फिएर्नोतील वाटाड्यापाशी तो हक्क उरतो का, हे टक्केवारीवरून कळत नाही.