गाणी बदलली तरी स्टेशन तेच का?

जुनी लोकप्रिय गाणी वाजवणाऱ्या रेडिओ स्टेशनला अमेरिकेत ओल्डीज स्टेशन म्हणतात. न्यूयॉर्कचे डब्ल्यूसीबीएस-एफएम ७ जुलै १९७२ रोजी या मार्गाला लागले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसचे केआरटीएचही जुन्या गाण्यांकडे वळले. दोन्ही स्टेशने आजही त्याच फ्रिक्वेन्सींवर, त्याच नावांनी चालू आहेत. मात्र १९७२ मध्ये तिथे जी गाणी लागत, ती आता क्वचितच लागतात. एल्विस प्रेस्ली आणि पन्नासच्या दशकातल्या डू-वॉप शैलीच्या गायक मंडळ्या कधीच मागे पडल्या. त्यांच्यामागून साठचे दशकही विरळ होत गेले आणि जागा सत्तर, ऐंशी, पुढे नव्वदच्या दशकांनी घेतली. ज्याच्यातले सगळे घटक बदलले, ते तेच राहिले असे कोणत्या अर्थाने म्हणायचे, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न इथे रोजच्या व्यवहारात उभा राहतो.

आधी ‘जुने’ म्हणजे काय हे पाहायला हवे. वैशेषिक दर्शनाने परत्व आणि अपरत्व असे दोन गुण मानले आहेत. त्यांचा एक प्रकार दिशेतला, म्हणजे दूर आणि जवळ. दुसरा काळातला, म्हणजे थोरला आणि धाकटा. हे गुण वस्तूत स्वतंत्रपणे वसत नाहीत. कोणीतरी दोन वस्तूंची एकमेकींशी तुलना करते, त्या अपेक्षाबुद्धीतून ते उत्पन्न होतात, असे वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपादाच्या परंपरेत सांगितले आहे. रेडिओचा व्यवहार याच चौकटीत नीट समजतो. १९७२ मध्ये १९५५ सालचे गाणे १७ वर्षांचे होते. २००७ मध्ये ऐंशीच्या दशकाच्या अखेरचे गाणे साधारण तेवढ्याच वयाचे झाले होते. म्हणजे स्टेशनने जपले ते अंतर. त्या अंतरावर कोणते गाणे येईल, हे पुढे सरकणारा काळ ठरवत गेला.

हे अंतर माणसाच्या आयुष्याशी बांधलेले आहे. वयस्क माणसाला मागचे आठवायला सांगितले, तर दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, माणसाला त्याच्या वयाच्या साधारण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी लोकप्रिय असलेली गाणी सर्वांत जास्त आवडतात, असे दिसले. ओल्डीज स्टेशन ऐकवते ते श्रोत्याचे तारुण्य. श्रोत्यांची पिढी बदलली की तारुण्याचे वर्षही बदलते, आणि त्यामागोमाग गाणी.

बदलाचा वेग मात्र स्मृती ठरवत नाही, जाहिरातीचा पैसा ठरवतो. अमेरिकेत रेडिओवरच्या जाहिराती विकत घेणारे प्रामुख्याने २५ ते ५४ वयाचे श्रोते मोजतात. १९४० साली जन्मलेला श्रोता १९५५ मध्ये १५ वर्षांचा होता आणि १९७२ मध्ये ३२ वर्षांचा. १९९५ मध्ये तो ५५ वर्षांचा झाला आणि या हिशोबातून बाहेर पडला. तो रेडिओ ऐकत होता, खर्चही करत होता, पण दरपत्रकात त्याला किंमत उरली नाही. त्याची गाणी त्याच्यापाठोपाठ बाहेर पडली. २००० नंतर अनेक स्टेशनांनी १९६४ च्या आधीचे जवळजवळ सगळे काढून टाकले. बीटल्स त्या वर्षी अमेरिकेत आले, म्हणून ही सीमारेषा सोयीची ठरली.

प्रत्यक्ष काम बारकाईने होते. ठरावीक वयाच्या श्रोत्यांना मानधन देऊन सभागृहात बोलावतात, शेकडो गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवतात आणि प्रत्येकाला गुण द्यायला लावतात. कमी गुण मिळवणारी गाणी यादीतून जातात. ही यादी बहुधा काही शेकड्यांचीच असते, त्यामुळे थोडी गाणी गेली तरी कानाला फरक कळतो. त्याचबरोबर स्टेशनची स्वतःची ओळखही बदलत जाते. ‘ओल्डीज’ म्हटले की श्रोता स्वतःला म्हातारा समजतो आणि जाहिरातदारही तसेच समजतो, म्हणून ‘क्लासिक हिट्स’ किंवा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ ही नावे आली. जिंगलची चाल मात्र सहसा जुनीच ठेवतात, फक्त वाद्ये आणि आवाज नवे येतात. निवेदकही एकदम बदलत नाहीत.

हळूहळू आणि एकदम यांतला फरक किती खोल आहे, हे २००५ मध्ये दिसले. ३ जून रोजी डब्ल्यूसीबीएस-एफएमने आपले स्वरूप एका दुपारी टाकून दिले आणि ‘जॅक’ नावाची निवेदकांविना चालणारी, सरमिसळ गाण्यांची पद्धत स्वीकारली. शिकागोच्या डब्ल्यूजेएमके या ओल्डीज स्टेशननेही त्याच दिवशी तेच केले. न्यूयॉर्कमध्ये संताप उसळला. महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनीही जाहीर नाराजी दाखवली. श्रोते घटले आणि १२ जुलै २००७ रोजी जुने स्वरूप ‘क्लासिक हिट्स’ म्हणून परतले. परत आले ते साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांवर भर देत. पन्नासच्या दशकातले जवळजवळ काहीच आले नाही, तरी स्टेशन परत आले असेच लोक म्हणाले. दोन वर्षे ‘जॅक’ असताना फ्रिक्वेन्सी तीच होती, मालक तेच होते. तेव्हा मात्र स्टेशन गेले असे सगळे मानत होते.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाविषयी विचारतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, सगळे बाजूला केल्यावर वेगळा रथही उरत नाही. घटकांच्या विशिष्ट जुळणीला धरून ‘रथ’ हे नाव चालते. पुढे तो दिव्याचे उदाहरण देतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नव्हे, पण दुसरीही नव्हे. एकीतून दुसरी निघत जाते. बौद्ध विचारात याला संतान, म्हणजे अखंड ओघ, म्हणतात. रोज थोडी गाणी गळतात आणि थोडी भरली जातात, ते संतान आहे. ३ जून २००५ रोजी ते तुटले. लोकांना बोचले ते गाण्यांच्या बदलापेक्षा ओघाचे हे तुटणे.

पण एवढ्याने भागत नाही. थीसियसच्या जहाजाची कथा प्लूटार्कने सांगितली आहे. अथेन्सचे लोक कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत गेले आणि हे तेच जहाज का, यावर तत्त्ववेत्ते भांडू लागले. १६५५ मध्ये थॉमस हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? ओल्डीजच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडले. काढून टाकलेली गाणी इंटरनेटवर, डिजिटल उपवाहिन्यांवर आणि उपग्रह रेडिओवर जमा झाली. १९८२ पासून डब्ल्यूसीबीएस-एफएमवर असलेले ‘कझिन ब्रूसी’ म्हणजे ब्रूस मॉरो २००५ मध्ये उपग्रह रेडिओवर गेले आणि साठच्या दशकाची गाणी तिथे लावू लागले. फळ्या तिकडे, नाव आणि सुकाणू इकडे, अशी वाटणी झाली.

वेदान्ताच्या पाठात देवदत्ताचे उदाहरण येते. पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी दिसतो आणि पाहणारा त्याला ओळखतो. तेव्हाचा काळ आणि आताचा काळ हे विरोधी भाग सोडून दिले की उरलेल्या अंशात एकत्व पटते. ही प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख पटणे, एकत्वाचा पुरावा आहे असे नैयायिकही मानतात. बौद्धांचा आक्षेप असा की कापलेले केस पुन्हा वाढले की लोक ‘तेच केस’ म्हणतात. ते सादृश्य असते, एकत्व नव्हे. ८० वर्षांचा श्रोता आज जुने स्टेशन लावतो तेव्हा त्याला जिंगल ओळखू येते, गाणी येत नाहीत. ४५ वर्षांच्या श्रोत्याला दोन्ही आपली वाटतात. एकाच स्टेशनविषयी एकाची प्रत्यभिज्ञा होते आणि दुसऱ्याची मोडते, आणि दोघांपैकी कोणीही चुकलेला नाही. धाकटा स्टेशनचे काम ओळखतो आणि ते काम खरोखरच तेच आहे. थोरला स्टेशनशी जडलेले आपले नाते शोधतो, आणि ते नाते संपलेले आहे.

इथे प्रश्न अस्तित्वाकडून नीतीकडे वळतो. ‘तुमच्या तारुण्याची गाणी’ हा ओल्डीज स्टेशनचा मूळ वायदा. त्यातला ‘तुम्ही’ म्हणजे एक माणूस की एक वयोगट? वयोगट म्हटले तर वायदा आजही पाळला जातो. माणूस म्हटले तर तो ५५ व्या वाढदिवसाला मोडतो. कानाशी लागून, नाव घेऊन, रात्री-पहाटे सोबत करत बोलणारे माध्यम माणसाशीच बोलते. वायदा त्या माणसाला दिला जातो आणि वसूल वयोगटाकडून केला जातो, यात खरा अन्याय आहे. गाणी बदलणे अटळ असेल. माणसाला ५५ व्या वर्षी हिशोबातून काढणे अटळ नाही. ती जाहिराती खरेदी करणाऱ्यांनी स्वीकारलेली सोय आहे आणि सोयीला निसर्गनियम समजण्याचे कारण नाही.

उलट टोकाचे उदाहरण भारतीय श्रोत्यांच्या परिचयाचे आहे. रेडिओ सिलोनच्या हिंदी सेवेत सकाळच्या जुन्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाची अखेर कुंदनलाल सैगलांच्या गाण्याने होत असे. हा परिपाठ पिढ्या बदलल्या तरी दशकानुदशके टिकला. सैगल १९४७ मध्ये वारले. त्यानंतर जन्मलेल्या हजारोंनी ते गाणे स्वतःच्या तारुण्याचे नव्हे, तर वडिलांच्या तारुण्याचे म्हणून ऐकले आणि आपलेसे केले. जुनेपणाचे नाते जगलेल्या वर्षांपुरतेच असते, या समजाला हा परिपाठ छेद देतो. आठवण वारशानेही येऊ शकते, मात्र त्यासाठी कोणीतरी ते गाणे रोज लावत राहावे लागते.

अमेरिकन स्टेशनांची यापुढची अडचण वेगळीच आहे. १९५५ पासून १९८० च्या दशकापर्यंत एका शहरातली तरुण मुले बहुतांशी त्याच चाळीस गाण्यांभोवती वाढली. नव्वदच्या दशकात श्रोते हिप-हॉप, कंट्री, ऑल्टरनेटिव्ह रॉक अशा वेगळ्या स्टेशनांत विभागले गेले, आणि पुढे प्रत्येकाच्या हातात स्वतःची यादी आली. वीस वर्षांचे अंतर मोजता येते, पण त्या अंतरावर सर्वांचे असे गाणे सापडेलच असे नाही. आजवर स्टेशनचे एकत्व सांभाळणारा ओघ सामाईक तारुण्यावर चालत होता. ते सामाईक उरले नाही, तर एक स्टेशन कोणत्या पिढीचे म्हणून पुढे सरकायचे, हे जुन्या रीतीने ठरवता येणार नाही.