औदुंबराच्या आधी पायवाट

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता अवघ्या आठ ओळींची. वर्गात ती शिकवताना मात्र झरा, गाव, शेते भराभर मागे टाकून आपण थेट शेवटच्या झाडापाशी पोहोचतो. मग औदुंबर म्हणजे विरक्त योगी, औदुंबर म्हणजे दत्त, काळा डोह म्हणजे मृत्यू. हा शेवटचा अर्थ तर कवीच्या चरित्रानेच पक्का करून टाकला. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली बालकवी गेले, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. पण कवितेला कवीचा शेवट ठाऊक नव्हता.

यवतमाळकडच्या वाचकाला ही कविता वेगळी दिसायला हवी. बालकवींचा खानदेश आणि आमचा बहुतेक जिल्हा एकाच काळ्या बसाल्टवर वसलेला आहे. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांत मुरते, टेकडीच्या पायथ्याशी पाझरते, नाला वाहता ठेवते. पुढे उन्हाळा चढला की धार तुटते आणि पाणी डोहापुरते उरते. उंबर रमतो तो अशाच ओलीच्या जागी. पाण्यावर सावली धरतो, बुंध्यालाच लगडलेली फळे पाखरांना आणि वानरांना पुरवतो. पाण्याला बिलगून उभे राहणे हा त्याचा संसार आहे, संन्यास नव्हे.

आता पुन्हा कविता पाहा. हिरवा, निळसर, मग वाटेचा पांढरा आणि शेवटी काळा, असे रंग येतात. त्यांतली पांढरी वाट मला सर्वांत मोलाची वाटते. पायवाट आपोआप पडत नाही. पलीकडच्या घरांतली माणसे नि गुरे वर्षानुवर्षे पाण्याकडे गेली, म्हणून ती उमटली. एकही माणूस न दाखवता कवीने अख्खे गाव डोहापर्यंत आणले आहे. तिथल्या काळेपणालाही त्याने गोडी दिली आहे. मृत्यूचा अर्थ लावणाऱ्यांनी त्या गोडीचे काय करायचे तेही सांगावे. कवितेत गूढ आहे, थोडी उदासीही आहे, पण ती नांदत्या गावाच्या शेजारी आहे.

आमच्या शिक्षकांना एक विनंती आहे. ही कविता दसऱ्यानंतर, नाला निवळला की शिकवा. मुलांना काठावर न्या, पाण्याकडे येणारी वाट कुठून निघाली ते त्यांना शोधू द्या. विरक्तीचा अर्थ त्यानंतर सांगा.