उतरंडीतलं दुसरं मडकं

माजघरातली उतरंड ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असतं, की तळाच्या मडक्यातलं काही हवं असेल तर आधी वरची सगळी मडकी खाली घ्यावी लागतात. तळात काय ठेवलंय हे घरातल्या एखाद्या म्हातारीलाच आठवत असतं. आयर्लंडमधल्या हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळातल्या स्पर्धांची रचना समजून घेताना मला ही उतरंड आठवली.

सगळ्यांत वर लिअम मॅकार्थी कप. त्याखाली, २०१८पासून, जो मॅकडोना कप. मग क्रिस्टी रिंग, निकी रॅकार्ड आणि तळाला लॉरी माहर. दर वर्षी कुणी एक पायरी चढतं, कुणी उतरतं. गंमत नावांची आहे. क्रिस्टी रिंग कॉर्कचा खेळाडू, आठ वेळा अजिंक्यपद मिळवलेला. लॉरी माहर किलकेनीचा. कॉर्क आणि किलकेनी म्हणजे या खेळातली गडगंज घराणी, त्यांच्यावर ही खालची मडकी हाताळायची वेळच येत नाही. थोरांची नावं खालच्या पायऱ्यांना द्यायची आणि थोरांच्या गावांनी वर बसायचं, ही रीत आपल्याला काही अगदीच अनोळखी नाही.

फुटबॉलचा क्लब खाली घसरला की मालक खेळाडू विकतो, नवे घेतो. हर्लिंगमध्ये तो बाजारच नाही. काउंटीसाठी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासाठी, खेळणारे सगळे हौशी. दिवसा शाळेत शिकवायचं किंवा शेत बघायचं, संध्याकाळी सरावाला जायचं. बहुतेक जण जिथे वाढले त्याच काउंटीचा सदरा आयुष्यभर घालतात. पदावनती झालेला नोकरदार बदलीचा अर्ज तरी करू शकतो. गावाची बदली कुठे करणार?

म्हणून २०१९चा हंगाम मला पुन्हा पुन्हा आठवतो. वरून दुसऱ्या मडक्यात, म्हणजे जो मॅकडोना कपात, त्या वर्षी पाच संघ होते : अँट्रिम, केरी, लीश, वेस्टमीथ आणि ऑफली. यातला ऑफली चार वेळचा अजिंक्य – १९८१, १९८५, १९९४, १९९८. त्या शेवटच्या वर्षीची कथा तर आयर्लंडमध्ये अजून सांगतात. क्लेअरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पंचांनी चुकून वेळेआधीच शिट्टी वाजवली. ऑफलीच्या लोकांनी क्रोक पार्क मैदानाच्या हिरवळीवर बसकण मारली. सामना पुन्हा घ्यावा लागला; ऑफली तो जिंकला आणि पुढे कपही घेऊन गेला. त्या वर्षी गेलिक क्रीडा संघटनेचे अध्यक्ष होते जो मॅकडोना, गॉलवेचे जुने हर्लिंगपटू. वीस वर्षांनी त्याच माणसाच्या नावाच्या स्पर्धेत ऑफली उतरला आणि २०१९मध्ये तिथेही पाचवा, म्हणजे शेवटचा आला. दोन वर्षांत दोन मडकी खाली.

त्याच हंगामात लीशचं नेमकं उलट झालं. ३० जूनला क्रोक पार्कवर, लीन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्याआधी, त्यांनी वेस्टमीथला ३-२६ विरुद्ध १-२१ असं हरवलं. (आडव्या दांडीखालून गेलेला चेंडू म्हणजे गोल, त्याचे तीन गुण; दांडीवरून गेला तर एक.) विजेते आणि उपविजेते दोघांनाही लगेच वरच्या कपात एकेक सामना मिळायचा. आठवड्याभराने वेस्टमीथचा कॉर्कने धुव्वा उडवला. त्याच दिवशी पोर्टलीशला लीशसमोर आला डब्लिन, ज्याने नुकतंच गॉलवेला घरी पाठवलं होतं. निकाल लागला १-२२ विरुद्ध ०-२३, दोन गुणांनी लीश. पुढच्या फेरीत टिपरेरीने त्यांना थांबवलं, आणि तो टिपरेरी त्या वर्षीचा अजिंक्य ठरला.

अर्थात असे दिवस थोडे. कार्लो २०१८ला जिंकून वर गेला, २०१९ला परतला. २०२३ला पुन्हा चढला, २०२४ला पुन्हा उतरला. खालच्यांना भारी आणि वरच्यांना हलका, अशी या मडक्याची अवस्था. केरीचं तर विचारूच नका. २०२०, २०२१, २०२२ अशा सलग तीन अंतिम सामन्यांत हार, आणि जिंकले असते तरी वरच्या कपातल्या मन्स्टर प्रांताच्या तळाच्या संघाशी आणखी एक झुंज द्यावी लागली असती, कारण केरी त्या प्रांतातला. मला हा नियम कोता वाटतो.

तळाची किंमत या खेळात काठीला मात्र ठाऊक आहे. हर्लिंगची काठी अ‍ॅश झाडाच्या लाकडाची. पण कुठल्याही फांदीची चालत नाही. बुंध्याचा अगदी खालचा, मीटरभराचा भाग घ्यायचा. खोड मुळाकडे वळतं तिथे लाकडाचे तंतूही वळतात आणि काठीच्या पसरट टोकाला तोच बाक लागतो. सरळ फळीतून टोक कापलं तर पहिल्याच टकरीत चिरतं. २०१२पासून त्या झाडांना मर लागली आहे, आता बांबूच्याही काठ्या निघाल्या आहेत. तरी जुने कारागीर खालचाच बुंधा शोधतात.

ऑफली तिसऱ्या मडक्यातून २०२१मध्ये बाहेर पडला. २०२३ला कार्लोने जो मॅकडोनाच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, त्यांना एका गुणाने हरवलं. जून २०२४च्या पहिल्या तारखेला ऑफलीच्या वीस वर्षांखालील पोरांनी टिपरेरीला हरवून अखिल आयर्लंड कप आणला, आणि आठवड्याभरात मोठ्यांनी लीशवर मात करून जो मॅकडोना कप. २०२५च्या हंगामाअखेर वरच्या कपातल्या लीन्स्टरच्या गटातून खाली आला तो अँट्रिम. ऑफली वरच राहिला.