माया किती ठेवायची?

कोणताही कपडा हातात आला की तो आधी उलटा करून बघायची खोड मला शिवण शिकायला लागल्यापासून लागली. दुकानात मी शर्टाची काखेतली शिवण उलटून बघत उभा असतो आणि सोबतचे मित्र ओळख नसल्यासारखे पलीकडच्या रॅककडे सरकतात. पण कपड्याची खरी हकीकत आतूनच कळते. बाहेरून सगळ्या शिवणी सारख्याच दिसतात: दोन कापडं, मध्ये एक रेघ.

आत मात्र निवड करावी लागते. कापलेल्या कडेचे दोरे सुटतात, त्यांचं काय करायचं? इंटरलॉक मारता येतो. जीन्सच्या पायाला असते तशी चपटी, दोन टिपांची शिवण घालता येते. किंवा फ्रेंच शिवण: कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून 6 मिलिमीटरवर पहिली टीप मारायची, कड छाटून 3 मिलिमीटरवर आणायची, मग कापड परतवून 9 मिलिमीटरवर दुसरी टीप. कड आतल्या आत गाडली जाते. कपडा उलटा केला तरी सुलटाच वाटावा इतकं स्वच्छ काम होतं.

मी या शिवणीच्या प्रेमात पडलो होतो. त्यामागे थोडा नैतिक अहंकारही होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात स्टीव्ह जॉब्झच्या वडिलांची गोष्ट फार सांगितली जाते. कपाटाची आणि कुंपणाची न दिसणारी मागची बाजूही ते तितक्याच निगुतीनं करत. प्रश्न तसा जुनाच. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि विचारलं जातं की कुणी बघणारच नसेल, तर माणूस नीट का वागेल? माझ्या फ्रेंच शिवणी म्हणजे या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर होतं. कुणी बघत नाही, तरी बघा मी किती नीट वागतो! (हे ‘बघा’ तेव्हा मला खटकलं नव्हतं.)

आईसाठी मी तीन कुर्ते शिवले, सगळे मलमलचे, सगळ्या शिवणी फ्रेंच. मलमलला ती शोभतेच. त्यानंतर वर्षभरात आईचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठी काढल्या की काहींचा त्या बाजूचा हात सुजतो, तसा तिचा डावा हात सुजला. तिन्ही कुर्त्यांच्या बाह्या दंडाला रुतायला लागल्या.

मी शिवणी उसवायला बसलो. फ्रेंच शिवण उसवणं म्हणजे शिक्षा. दोन्ही टिपा बारीक, एक दुसरीच्या पोटात. तासाभरानं हाती आलं ते एकेका बाजूला जेमतेम सेंटिमीटरभर कापड, आणि त्यातलं निम्मं पुन्हा शिवायलाच लागणार. शेजारच्या काकू गेली तीस वर्षं ब्लाउज शिवतात. त्यांच्याकडे कुर्ता घेऊन गेलो. त्यांनी आतली बाजू उजेडात धरली, माझ्या कामाचं मनापासून कौतुक केलं आणि मग विचारलं, “पण माया कुठे ठेवलीस रे?”

शिवणीच्या बाहेर राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात. काकूंनी आईचा जुना ब्लाउज काढून दाखवला. आत दोन्ही बाजूंना इंचभर कापड, कडेला इंटरलॉक, आणि मुख्य टिपेच्या बाहेर आणखी दोन समांतर टिपा. आतली टीप उसवली की ब्लाउज एक पायरी सैल होतो, मग पुढची. ब्लेडनं पाच मिनिटांचं काम. दिसायला गबाळं, झुबकेदार. पण ते शिवताना कुणीतरी गृहीत धरलं होतं की हे शरीर असंच राहणार नाही.

माझं चुकलं ते इथे. न दिसणारी बाजू कशी दिसते, याचाच मी विचार करत होतो. तिला हात कुणाचा लागणार, हे मनात आलंच नाही. आतल्या बाजूला बघणारं कुणी नसेल, पण तिथे अंग असतं, आणि पुढे कधीतरी ब्लेड घेऊन बसलेलं कुणीतरी असतं. माझी शिवण स्वतःपुरती पूर्ण होती. तिनं पुढच्या माणसाला काही करायला जागाच ठेवली नव्हती.

लगेच ‘मग सगळीकडे माया ठेवा’ असा नियम करावा, तर कापड तो चालू देत नाही. मुंढ्याच्या गोलाईत इंचभर कापड ठेवलं तर शिवण ताणते, काखेत बोचते. तिथे माया छाटावीच लागते. गळ्यालाही तेच. म्हणजे शरीर कुठे बदलेल याचा अंदाज बांधून माया ठेवायची. तान्ह्या बाळाच्या झबल्याला तर मी अजूनही फ्रेंच शिवणच घालीन. झबलं काही महिन्यांतच तोकडं होतं, ते सैल करायला कुणी बसत नाही. आणि इंटरलॉकचे दोरे त्या कातडीला टोचतात.

आणि मायेला पैसे पडतात. बाजूच्या दोन शिवणींच्या मिळून चार कडा, प्रत्येकीला इंच वाढवला तर एका कुर्त्यामागे पन्ह्यातले चार इंच जातात. इंटरलॉकच्या मशीनला पातं असतं. टी-शर्टची शिवण ते एकाच फेरीत शिवतं, छाटतं आणि कड बांधतं. त्या मशीनवर नगावर पैसे मिळवणाऱ्या बाईला ‘तू माया का ठेवली नाहीस’ असं विचारणं हा उद्धटपणा आहे. किती कापड राखायचं हे तिच्या हाती येण्याआधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवणाऱ्याला तो टी-शर्ट कुणी सैल करून वापरावा असं वाटतच नसतं. माझ्यावर मात्र कुणाचीच सक्ती नव्हती. कापड माझं, वेळ माझा, आणि आईही माझीच.

त्या तीन कुर्त्यांना काकूंनी बाहीखाली उभी पट्टी जोडून दिली. मलमल जुळली नाही, पट्टी थोडी पिवळट दिसते. नवीन दोन कुर्ते मी शिवले. बाहीला दीड इंच माया, तीन टिपा, कोपऱ्यावरच्या दुकानातून इंटरलॉक. आईनं एक टीप एप्रिलमध्ये उसवून घेतली. जुन्या टिपेच्या जागी सुईच्या भोकांची रांग राहिली आहे आणि तिच्या बाहेरची कापडाची पट्टी उन्हानं न विटलेली, गडद निळी. गेल्या आठवड्यात आई म्हणाली, सूज थोडी उतरल्यासारखी वाटतेय, ती टीप परत घालून ठेव.