‘आपण जिंकलो’ म्हणण्याचा अधिकार

मराठीने प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे जपून ठेवली आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो घरात येतो. बडोद्याच्या वाचकांना हा भेद गुजरातीतही भेटतो, हैदराबादकरांना तेलुगूत भेटतो. प्रमाण हिंदीत मात्र एकट्या ‘हम’वर सारा भार. इंग्रजीचीही तीच गरिबी. २ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री ह्यूस्टनच्या मैदानावर अटलांटा ब्रेव्हज् या बेसबॉल संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा तिकडे हजार किलोमीटरांहून दूर अटलांटात माणसे रस्त्यावर येऊन ‘वुई वन’ म्हणून ओरडली. या ‘वुई’चे मराठी काय करावे? खेळाडूंनी ‘आम्ही जिंकलो’ म्हणावे, ते त्यांना शोभते. प्रेक्षक मात्र ‘आपण जिंकलो’ म्हणतो. म्हणजे खेळाडूला न विचारता त्याच्या पंगतीत स्वतःचा पाट मांडून मोकळा होतो. हा पाट मांडण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न क्रिकेटच्या आधारेही मांडता आला असता. पण आपल्याकडे क्रिकेटमध्ये राष्ट्र येते, ध्वज येतो, आणि मग विचार करण्याची मुभाच उरत नाही. परक्या देशातल्या, परक्या खेळातल्या परक्या शहराच्या संघाकडे पाहताना मन तुलनेने थंड राहते. शिवाय ब्रेव्हज् संघाचा २०२१ चा हंगाम असा विलक्षण होता की त्यात हा प्रश्न जणू उघड्यावरच येऊन बसला.

अमेरिकेतील मुख्य बेसबॉल स्पर्धेत तीस संघ आहेत. एप्रिलच्या सुमारास सुरू होऊन सप्टेंबर संपेपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे बहुतेक रोज एक. त्यातून त्या वर्षी दहा संघ पुढच्या बाद फेऱ्यांत गेले. या लांबीमुळे चाहत्याचे या खेळाशी नाते उत्सवाचे नसून नित्यनेमाचे असते. आणि एवढ्या लांब वाटचालीत माणसांची शरीरे मोडतात.

त्या वर्षी ब्रेव्हज् संघात ती फारच मोडली. हुआस्कर इनोआ या तरुण पिचरने (चेंडू टाकणाऱ्याला तिकडे पिचर म्हणतात) मे महिन्यात वाईट खेळाच्या संतापात बाकावर ठोसा मारला आणि स्वतःच्याच हाताचे हाड मोडून घेतले. यष्टिरक्षकाचे काम करणाऱ्या ट्रॅव्हिस डार्नोच्या अंगठ्याचा अस्थिबंध फाटला. तो ऑगस्टपर्यंत बाहेर. माइक सोरोका हा संघाचा उमेदीचा पिचर. त्याची टाचेमागची कंडरा ऑगस्ट २०२० मध्येच तुटलेली होती. ती बरी होत असताना जून २०२१ मध्ये तो मैदानालगतच्या खेळाडूंच्या दालनाकडे नुसता चालत निघाला असता पुन्हा तुटली. धावताना नव्हे, उडी मारताना नव्हे, चालताना. आणि १० जुलैला मायामी येथे संघाचा सर्वांत तेजस्वी खेळाडू, तेवीस वर्षांचा रोनाल्ड अकुन्या, सीमेच्या भिंतीपाशी झेल घेण्यासाठी उडी मारून खाली आला तो उजव्या गुडघ्यातील अस्थिबंध तोडूनच. तोवर संघाचे विजय आणि पराभव जवळपास सारखेच होते. जाणत्यांनी तो हंगाम मनातल्या मनात मिटून ठेवला असता तर त्यांना दोष देता आला नसता.

संघाचे व्यवस्थापक अलेक्स अँथोपुलोस यांनी तसे केले नाही. जुलैच्या उत्तरार्धात त्यांनी चार बाहेरचे क्षेत्ररक्षक पैदा केले: शिकागोहून जॉक पीडरसन, मायामीहून अॅडम डुव्हाल, कॅन्सस सिटीहून होर्हे सोलेर, क्लीव्हलंडहून एडी रोसारिओ. यांपैकी कोणालाही त्याचा जुना संघ फारसा आटापिटा करून ठेवू इच्छीत नव्हता. रोसारिओ तर त्या वेळी दुखापतीने बसूनच होता. ६ ऑगस्टला संघाचे विजय त्या हंगामात प्रथमच पराभवांपेक्षा अधिक झाले. पीडरसन गळ्यात मोत्यांची माळ घालून खेळे. बघता बघता स्टेडियममध्ये धट्टेकट्टे पुरुषही मोत्यांच्या माळा घालून बसू लागले. अखेरीस संघ ८८ सामने जिंकून बाद फेरीत पोहोचला. त्या दहा संघांत हा आकडा सर्वांत लहान होता. तरी १०६ सामने जिंकलेल्या लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना त्यांनी हरवले, आणि त्या मालिकेत चौदा फटके मारून सर्वोत्तम ठरला तो रोसारिओ. वर्ल्ड सिरीजमध्ये सर्वोत्तम ठरला सोलेर.

आता प्रेक्षकाकडे वळू. या सगळ्यात त्याने काय केले? गीतेने माणसाचा अधिकार कर्मापुरता ठेवला आणि फळावरची आसक्ती सोडायला सांगितली. चाहत्याची स्थिती नेमकी उलट. कर्मावर त्याचा तिळमात्र अधिकार नाही, आणि आसक्ती मात्र केवळ फळाचीच. या दृष्टीने पाहता चाहता हा गीतेचा सर्वांत नापास विद्यार्थी ठरतो. काव्यशास्त्राकडे जावे तर तेथेही आधार नाही. भट्टनायकाने सांगितलेले आणि अभिनवगुप्ताने आपल्या रीतीने स्वीकारलेले साधारणीकरण असे की, नाटक पाहताना रसिकाची भावना ‘माझे-परक्याचे’ या बंधनातून सुटते. स्टेडियममधला रसिक ते बंधन तिकिटाबरोबर विकत घेतो. ते सुटले तर त्याला खेळ आवडेल, पण तो चाहता राहणार नाही.

म्हणून कोणी म्हणेल, हा ‘आपण’ निव्वळ भ्रम आहे. आम्हांला तसे वाटत नाही. पण तो खरा आहे असे म्हणण्यापूर्वी, ज्या संघाशी तो जोडला जातो तो संघ म्हणजे तरी काय, हे पाहावे लागते. ब्रेव्हज् हा संघ मूळचा बॉस्टनचा. १९१४ साली तो ४ जुलैला तळाशी होता आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकला. १९५३ साली त्याने बॉस्टन सोडून मिलवॉकी गाठले, १९५७ ची वर्ल्ड सिरीज तेथे जिंकली, आणि १९६६ मध्ये तो अटलांटात आला. तीन वेगवेगळ्या शहरांसाठी वर्ल्ड सिरीज जिंकणारा दुसरा संघ नाही. खेळाडू बदलतात, मालक बदलतात, गाव बदलते. आणि १९१४ ला ‘आपण’ म्हणणाऱ्याच्या नातवाला २०२१ चा विजय परक्या गावाचा वाटू शकतो.

आमच्या वाचकांना हे चमत्कारिक वाटू नये. मार्च १९४७ मध्ये बडोद्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला तो बडोदा आणि होळकर यांच्यात. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९. बडोद्याच्या जुन्या घरांत तो पराक्रम ‘आपला’ म्हणून सांगितला गेला. हजारे जन्माने सांगलीचे आणि आधी महाराष्ट्राकडून खेळलेले. गुल महंमद लाहोरचे, पुढे १९५६ मध्ये पाकिस्तानकडून कसोटी खेळलेले. समोरच्या होळकर संघाचे सर्वेसर्वा कर्नल सी. के. नायुडू नागपूरचे. त्या मैदानावर कोण कोणाचे होते? आणि जून २०२२ मध्ये बंगळुरूला मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून रणजी करंडक प्रथमच जिंकला, प्रशिक्षक मुंबईचेच चंद्रकांत पंडित, तेव्हा इंदूरच्या मराठी घरांनी ‘आपण’ कोणाला म्हटले असेल? आमचा तर्क आहे की घरोघरी उत्तर मध्य प्रदेश हेच आले असेल, आणि त्यात कोणाला फार वेळही लागला नसेल. ज्या गावात माणूस राहतो, ज्या गावाच्या पाण्यावर वाढतो, त्याच्या हारजितीला तो स्वतःला उघडे ठेवतो. ‘आपण’चा पाया पराक्रमात वाटा मागण्यात नसून या उघडे राहण्यात आहे. चाहता कर्म करीत नाही, पण पराभवाचे दुःख त्याला चुकत नाही. ते तो स्वखुशीने घेतो. एवढ्यापुरता त्याचा पाट पंगतीत मांडलेला राहू द्यावा.

खरी अडचण यापुढची आहे. ज्याला पराभव लागतो त्याला दुसऱ्याच्या शरीराची मोडतोडही लागली पाहिजे, आणि येथे चाहत्याचा हिशेब गडबडतो. अकुन्या पडला नसता तर चार नवे क्षेत्ररक्षक बहुधा आले नसते. ते आले नसते तर तो विजय बहुधा झाला नसता. म्हणजे ज्या विजयाचा आनंद अटलांटाने लुटला त्याच्या मुळाशी एका तेवीस वर्षांच्या मुलाचा फाटलेला गुडघा आहे. मग आनंद मानणाऱ्याने त्या गुडघ्याविषयी काय मानावे? ‘जे होते ते बऱ्यासाठी’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज उच्चारले जाते. सरकारी नोकरीत आम्ही ते बदल्यांच्या संदर्भात असंख्य वेळा ऐकले. ज्याची बदली झाली त्याच्या तोंडून क्वचित, इतरांच्या तोंडून नेहमी. त्या वाक्याचा अन्याय येथेच आहे. झीज एकाची, बरे दुसऱ्यांचे, आणि जमाखर्च मात्र ‘आपला’ म्हणून एकत्र मांडायचा. फळावर आनंद मानता येतो. त्या आनंदाच्या भरात दुखापतीला उपकारकर्ती ठरवणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती चाहत्याच्या अधिकाराबाहेरची आहे. अकुन्याने स्वतः तसे म्हटले तर गोष्ट निराळी.

प्रतिस्पर्ध्याच्या दुखापतीविषयी तर बोलायलाच नको, म्हणून बोलतो. डॉजर्सचा मॅक्स मन्सी नियमित हंगामाच्या शेवटच्या दिवशी कोपर दुखावून बाहेर गेला, क्लेटन कर्शॉही बाहेर होता. ह्यूस्टनचा लान्स मॅकलर्स अंतिम मालिकेत टाकूच शकला नाही. ब्रेव्हज्‌च्या किती चाहत्यांनी या बातम्या वाचून सुस्कारा सोडला नसेल? तोंडाने ‘अरेरे’ आणि मनात बेरीज-वजाबाकी. ‘आपण’ या शब्दाला बाहेरची बाजू असते, आणि ती नेहमी सभ्य नसते. ब्रेव्हज्‌चे प्रेक्षक हात कुऱ्हाडीसारखा हलवत जो घोष करतात त्याविषयी २०१९ मध्ये सेंट लुई संघाच्या रायन हेल्सली या चेरोकी पिचरने जाहीर नापसंती व्यक्त केली होती. २०२१ च्या अंतिम मालिकेतही तो घोष चालूच होता.

याच्या उलट टोकाला एक दृश्य आहे. २६ ऑक्टोबरला ह्यूस्टनमध्ये अंतिम मालिकेचा पहिला सामना. सदतीस वर्षांचा चार्ली मॉर्टन टाकत असता दुसऱ्या डावात ताशी सुमारे १६५ किलोमीटर वेगाने परतलेला चेंडू त्याच्या पायावर बसला. पोटरीतले बारीक हाड मोडले होते, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. त्याच पायावर त्याने आणखी सोळा चेंडू टाकले, आणि शेवटच्या चेंडूवर होसे आल्तुव्हेला बाद करून तो कोलमडला. त्या सोळा चेंडूंत कोणा प्रेक्षकाचाही वाटा होता असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. तेथे ‘आम्ही’ म्हणण्याचाही प्रश्न नाही, एकटा ‘मी’ आहे.

आणि अशा सोसण्याचे फळ ठरलेले असते असेही नाही. २०२४ मध्ये ब्रेव्हज्‌वर तीच वेळ पुन्हा आली. अकुन्याचा, या वेळी डावा, गुडघा २६ मे रोजी पिट्सबर्गला गेला; स्पेन्सर स्ट्रायडर या पिचरचे कोपर त्याआधीच एप्रिलमध्ये गेले होते. वर्षानुवर्षे दुखापतींनी बेजार झालेला ख्रिस सेल अनपेक्षितपणे लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला. वादळामुळे पुढे ढकललेले दोन सामने ३० सप्टेंबरला एकाच दिवशी खेळून, त्यांतला दुसरा जिंकून, संघाने बाद फेरी गाठली; आणि त्याच दिवशी पाठीच्या दुखण्याने सेल बसला. सॅन डिएगोत दोन दिवसांत दोन पराभव होऊन सारे संपले. त्या हंगामातले विजय होते ८९, म्हणजे २०२१ पेक्षा एक अधिक. कष्ट तेच, जखमा त्याच, चाहते तेच.

२०२१ च्या विजयातला फ्रेडी फ्रीमन बारा हंगाम अटलांटात काढून २०२२ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसला गेला. जूनमध्ये तो प्रतिस्पर्धी म्हणून आला तेव्हा पत्रकारांपुढे त्याला रडू आवरेना, आणि प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवीत राहिले. तो आता ‘त्यांचा’ होता. त्या काही मिनिटांत ‘आपण’ची बाहेरची बाजू कोणी पाहिली नाही.

सोरोकाची गोष्ट कमी सांगितली जाते. जो विजय साजरा झाला त्या हंगामात त्याने एकही चेंडू टाकला नव्हता. २९ मे २०२३ रोजी, जवळजवळ तीन वर्षांनी, तो ओकलंडमध्ये पुन्हा ब्रेव्हज्‌साठी टाकायला उभा राहिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संघाने त्याला शिकागोला देऊन टाकले.